कुंडईनंतर मंगेशी

२०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला, ६ ते ८ तारखांना. मी शनिवारी गेले होते, भाच्याला सोबत घेऊन. एका कार्यक्रमाची वाट बघत बसले होते, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बेळगावहून आलेले एक गृहस्थ होते. बँकेत अधिकारी, जन्मापासून अंध. बोलता बोलता मी सांगितलं की मी फोंड्याला एका पतसंस्थेत कामाला आहे, नजर गेल्या काही वर्षांत हळूहळू गेली आणि आता संगणकावर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून काम करते. त्यांनी लगेच विचारलं, "सकाळी खुर्चीत बसल्यापासून खातेवहीची फाईल उघडेपर्यंत किती बटणं दाबता?"

मला सांगता येईना. असा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

"मोजा," ते म्हणाले. "सोमवारी गेलात की मोजा. मग ठरवा काय करायचं ते."

सोमवारी मोजली. एक्केचाळीस.

हे एक्केचाळीस कुठून आले ते सांगते. माझ्या डेस्कटॉपवर तेव्हा चौतीस आयकॉन होते. डोळ्यांनी काम करत होते तेव्हापासून साठत आलेले: जुने फोल्डर, कधीतरी उतरवलेले फॉर्म, प्रिंटरचे दोन-तीन प्रोग्रॅम, एकाच एक्सेल फाईलचे तीन वेगवेगळे शॉर्टकट. डेस्कटॉपवर आलं की खाली जाणारा बाण दाबायचा आणि एनव्हीडीए एकेकाचं नाव सांगत जातं. हवं ते नाव ऐकू आलं की एंटर. मग एक्सेलच्या आत पुन्हा तोच प्रवास, अलीकडच्या फायलींच्या यादीतून. बाण दाबायला घाई झाली की हवं ते नाव मागे पडायचं, मग परत वर. हे दिवसातून तीस-चाळीस वेळा. संध्याकाळी घरी येताना मान आखडलेली असायची आणि मी समजत होते की खुर्चीची उंची चुकीची आहे.

माझा आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी तिन्हीसांजेनंतर दिसेनासं झालं, मग बाजूचं दिसणं गेलं, आणि शेवटी नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरलं. तेही पुढे धूसर झालं. बरीच वर्षं मी विंडोजचं भिंग वापरून रेटलं. अक्षर एवढं मोठं करायचे की स्क्रीनवर एका वेळी चार शब्द मावायचे. २०१९ मध्ये भिंग सोडलं आणि एनव्हीडीए शिकले. हा प्रोग्रॅम मायकल करन आणि जेम्स टे या दोन अंध ऑस्ट्रेलियन मित्रांनी उभा केला. काम २००६ मध्ये सुरू झालं, आणि तो तेव्हापासून फुकट आहे. माझ्यासारख्या पतसंस्थेतल्या क्लार्कला पगारातून विकतचा स्क्रीन रीडर घेणं जमलं नसतं. म्हणून त्या दोघांची नावं मी जिथं संधी मिळेल तिथं सांगते.

पण एनव्हीडीए शिकले म्हणजे काय शिकले? बाण, टॅब, एंटर, वाचायला लावायचं, गप्प करायचं. संगणकाची मांडणी मात्र डोळ्यांच्या दिवसांतलीच राहिली.

भाच्याला एक्केचाळीसचा आकडा सांगितला तेव्हा तो हळहळला. त्याच रविवारी तो ऑफिसच्या चाव्या घेऊन माझ्याबरोबर आला (मॅनेजरांनी आनंदाने परवानगी दिली, हे सांगायलाच हवं) आणि दोन तास बसून त्याने डेस्कटॉप लावून दिला. हिशेबाचे आयकॉन वर डावीकडे, पत्रव्यवहार वर उजवीकडे, इंटरनेटचं सगळं खाली एका कोपऱ्यात, बाकीचं दुसऱ्या कोपऱ्यात. "मावशी, आता बघ, एकदम सुटसुटीत झालंय," म्हणाला. त्याच्या आवाजात किती समाधान होतं ते मला ऐकू येत होतं.

सोमवारी मी बाण दाबत सुटले आणि पार हरवून गेले. हिशेबाच्या पाच आयकॉनांनंतर खाली बाण दाबला की मध्ये रिकामी जागा. त्या जागेवरून उडी मारून मी थेट खालच्या कोपऱ्यात. उजवीकडे बाण दाबला की कधी पत्रव्यवहारात जायचे, कधी भलत्याच ओळीत. भाच्याने जागा लावून दिली होती. आणि मला जागा दिसतच नाही. मला ऐकू येतं ते एकापाठोपाठ एक. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं, इतकी वर्षं रोज वापरूनही.

मी भोमला राहते. रोज सकाळी बसने फोंड्याला जाते. बाहेरचं काही दिसत नसताना मला माझा थांबा कसा कळतो असं लोक विचारतात. कुंडईनंतर मंगेशी, मंगेशीनंतर म्हार्दोळ, मग फर्मागुडीचा चढ, मग फोंडा. कंडक्टर "मंगेशी, मंगेशी" ओरडला की मला माहीत असतं आता म्हार्दोळ येणार, फुलांचा वास येणार, आणि मग मी पर्स सावरायची. एखादा दिवस बस वेगळ्या रस्त्याने गेली तर मी कुठं आहे हे सांगता येत नाही. रस्ता डोळ्यांपुढे नसतोच मुळी, क्रम असतो. तो क्रम कुणी उलटासुलटा केला तर आख्खा रस्ता जातो.

संगणकाचंही तसंच हवं होतं. नीटनेटकं दिसण्याचा प्रश्न नव्हता. पहिलं कोण, दुसरं कोण, आणि हे रोज तेच.

आधी काय लागतं ते शोधायला बसले. नोटपॅड उघडं ठेवलं आणि दर वेळी एखादा प्रोग्रॅम किंवा फाईल उघडली की नोटपॅडमध्ये जाऊन एफ५ दाबायचं. एफ५ ने त्या क्षणाची वेळ आणि तारीख आपोआप पडते. तिच्यापुढे एक शब्द लिहायचा. सहा दिवस असं केलं. हे कंटाळवाणं काम आहे, पण कुणी मला विचारलं तर मी सांगेन की बाकी सगळं सोडा, हे करा. कारण माझा अंदाज साफ चुकला होता. मला वाटत होतं मी सगळ्यात जास्त वर्ड वापरते. वर्ड पाचवं निघालं. पहिलं एक्सेल, दुसरा कॅल्क्युलेटर, तिसरी मेल, चौथं नोटपॅड, वर्डनंतर ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप. बस्स. चौतीस आयकॉन आणि वापरात सात गोष्टी.

उरलेले सत्तावीस काढून टाकायला हात धजेना. शॉर्टकट पुसला म्हणून प्रोग्रॅम पुसला जात नाही हे ठाऊक होतं. पण न दिसणाऱ्या माणसाला पुसलेली वस्तू परत शोधणं फार जड जातं, ती भीती खरी आहे. म्हणून डेस्कटॉपवर "इतर" नावाचा एक फोल्डर केला आणि सगळे त्यात टाकले. त्यातले फक्त दोन नंतर कधी लागले.

मग नावांचा प्रश्न. डेस्कटॉपवर किंवा कुठल्याही यादीत असताना एखादं अक्षर दाबलं की त्या अक्षराने सुरू होणाऱ्या नावावर आपण थेट जातो. दिसत असताना याचं काही महत्त्व वाटत नाही, पण कानाने काम करणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. पण वर्ड आणि व्हॉट्सअ‍ॅप दोघेही डब्ल्यूने सुरू होतात. एक्सेल आणि एज हा ब्राउझर दोघेही ई-ने. प्रोग्रॅमला कंपनीने दिलेलं नाव आपल्या कामाचं नाव नसतंच. माझं काम एक्सेल नाही, हिशेब आहे. वर्ड नाही, पत्र आहे. मेल म्हणजे टपाल, आमच्या ऑफिसात आजही सगळे टपालच म्हणतात. म्हणून एफ२ दाबून शॉर्टकटांची नावं बदलली, इंग्रजी अक्षरांत पण मराठी शब्दांनी: हिशेब, टपाल, पत्र, बेरीज, नोंद, शोध, गप्पा. एच, टी, पी, बी, एन, एस, जी. एकही अक्षर दुसऱ्याशी भिडत नाही. देवनागरीत लिहिलं नाही याचं कारण एवढंच की त्यासाठी दर वेळी कीबोर्डची भाषा बदलावी लागली असती.

विंडोज आणि डी दाबून डेस्कटॉपवर जायचं, मग अक्षर, मग एंटर. पण विंडोज-डी ची एक खोड आहे: डेस्कटॉपवर असतानाच पुन्हा दाबलं की सगळ्या खिडक्या परत वर येतात. डोळ्यांना ते दिसतं, मला कळायला एक-दोन बटणं वाया जायची. विंडोज-एम मात्र किती वेळा दाबलं तरी सगळं खालीच ठेवतं. तेव्हापासून मी एम वापरते. आकडा एक्केचाळीसवरून बारा-तेरावर आला.

इथंच थांबले असते तर एक चूक टळली असती. पण मला बेळगावच्या त्या गृहस्थांसारखं झटपट व्हायचं होतं. शॉर्टकटवर ऑल्ट-एंटर दाबलं की त्याची माहिती उघडते, आणि तिथं शॉर्टकट की नावाचा एक रकाना असतो. त्यात टॅबने जाऊन एखादं बटण दाबलं की विंडोज त्याच्यामागे कंट्रोल-ऑल्ट लावून टाकतं. मग कुठूनही ती तीन बटणं एकत्र दाबली की तो प्रोग्रॅम उघडतो. एनव्हीडीए स्वतः कंट्रोल-ऑल्ट-एनने सुरू होतं ते याच रीतीने. म्हणजे एन तिथं आधीच गेलेला. मी विचार केला, अक्षरं कशाला, आकडेच देऊ. एक हिशेब, दोन टपाल, तीन पत्र, चार बेरीज म्हणजे कॅल्क्युलेटर. लक्षात ठेवायला सोपं.

दोन दिवसांनी एका सभासदाला थकबाकीचं पत्र लिहीत होते. रक्कम लिहायची जागा आली. रुपयाच्या चिन्हासाठी मी उजवं ऑल्ट आणि चार दाबते. इंग्रजी-इंडिया कीबोर्डवर ते तसंच आहे. दाबलं, आणि रक्कम टाइप केली. टाइप करताना समोर काहीतरी उघडल्याचं एनव्हीडीए बोललं असणार, पण मी तेव्हा आवाज फार वेगात ठेवत असे आणि हात थांबला नाही. उजवं ऑल्ट म्हणजे संगणकाच्या लेखी कंट्रोल-ऑल्टच. रुपयाचं चिन्ह आलंच नाही, कॅल्क्युलेटर उघडला, आणि सभासदाची थकबाकी मी कॅल्क्युलेटरमध्ये टाइप केली. मग काहीतरी वेगळं वाटलं म्हणून एस्केप दाबलं, ऑल्ट-टॅबने पत्रात परत आले, "इतकी रक्कम आपण" पासून पुढचं वाक्य लिहिलं आणि छापलं.

पत्र सहीला गेलं. मॅनेजरांनी बोलावलं. "बाई, रक्कम कुठं आहे?"

पत्र बाहेर गेलं नाही हे नशीब. पण मी त्या दिवशी जेवले नाही. नजर गेल्यापासून माझ्या हातून गेलेलं प्रत्येक पत्र मी दोनदा ऐकून मगच पुढे देते, त्या दिवशी फक्त एकदा, आणि तेही घाईत. रात्री घरी सगळे आकडे काढून टाकायचं ठरवलं. नंतर कळलं की वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एक, दोन, तीन ही मथळ्यांची बटणं आहेत, म्हणजे तीही मी अडवून बसले होते. कंट्रोल-ऑल्टला जो जाईल त्याने आधी आपला कीबोर्ड कुठलं चिन्ह कुठं ठेवतो ते तपासावं. मराठी टाइप करणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण देवनागरीची काही अक्षरंही उजव्या ऑल्टवर असतात.

खरा उपाय टास्कबारवर, म्हणजे स्क्रीनच्या तळाच्या पट्टीवर, होता, आणि तो इतकी वर्षं तिथंच होता. टास्कबारवर पिन केलेला, म्हणजे कायमचा बसवलेला, पहिला प्रोग्रॅम विंडोज-१ ने उघडतो, दुसरा विंडोज-२ ने, असं नऊपर्यंत, आणि शून्य म्हणजे दहावा. प्रोग्रॅम आधीच उघडा असेल तर तो पुन्हा न उघडता आपण त्याच्यावर जातो. त्याच्या दोन खिडक्या असतील तर तेच बटण पुन्हा दाबून एकीवरून दुसरीवर. कुणाच्याही रुपयाला धक्का लागत नाही.

फक्त क्रम आपला हवा. माझ्या टास्कबारवर पहिल्या चार जागा आधीपासून भलत्यांनी धरलेल्या होत्या. माउसने ओढून पुढेमागे करायचं तर मला शक्य नव्हतं. पण नव्याने पिन केलेली वस्तू नेहमी शेवटी जाऊन बसते, हे लक्षात आल्यावर वाट सापडली. विंडोज-टी दाबून टास्कबारवर गेले, एकेकावर शिफ्ट-एफ१० दाबून मेनू उघडला, वरचा बाण दाबून "अनपिन फ्रॉम टास्कबार" शोधलं, एंटर. टास्कबार पूर्ण रिकामा केला. मग मला हव्या त्या क्रमाने एकेक पिन करत गेले. जो आधी तो एक, त्याच्यानंतरचा दोन. फाइल एक्सप्लोररला जागा दिली नाही, कारण तो विंडोज-ई ने उघडतोच.

क्रम कसा ठरवला? वापराच्या मोजणीने नाही. डाव्या हाताने ठरवला. सभासदांचे फोन दिवसभर येतात: हप्ता किती राहिला, व्याज किती, ठेव कधी पिकते. तेव्हा उजव्या हातात रिसीव्हर असतो. डाव्या हाताचा अंगठा विंडोजवर ठेवला की त्याच हाताची बोटं एक, दोन, तीन, चारपर्यंत सहज पोचतात. पाचला ओढ लागते. सहाच्या पुढे दोन हात लागतात. म्हणून फोनवर बोलताना जे लागतं ते चारच्या आत. एक हिशेब, दोन बेरीज, तीन टपाल, चार नोंद. पत्र लिहायला दोन्ही हात मोकळे असतात तेव्हाच मी बसते, म्हणून पत्र पाचवर. शोध सहावर, गप्पा सातवर. आठ, नऊ रिकामे ठेवले आहेत, आणि मला ते रिकामे आवडतात.

आणि मग जम्प लिस्ट. ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं. विंडोज-ऑल्ट-१ दाबलं की एक नंबरच्या प्रोग्रॅमची छोटी यादी उघडते, त्यात अलीकडे उघडलेल्या फायली असतात. अलीकडच्या फायली रोज बदलतात, म्हणून त्यांच्यावर भरवसा नाही. पण त्यातल्या फायलीवर शिफ्ट-एफ१० दाबून ती यादीला पिन करता येते, आणि पिन केलेल्या फायली जागेवर राहतात. मी तीन पिन केल्या: खातेवही, महिन्याचं विवरण, ठेवींची यादी. आता सकाळी खुर्चीत बसले की विंडोज-ऑल्ट-१, बाण, एंटर. खातेवही उघडी. बेळगावच्या त्या साहेबांचा नंबर माझ्याकडे असता तर मी त्या दिवशी त्यांना फोन केला असता.

यानंतरचं एक काम मी उशिरा केलं, पण ते टास्कबारइतकंच मोलाचं ठरलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं मराठी मी भरभर ऐकू शकते. खातेवहीतले आकडे त्या वेगात ऐकले की घोळ होतो. एनव्हीडीएमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळी प्रोफाइल ठेवता येते. एक्सेलमध्ये असतानाच एनव्हीडीए-कंट्रोल-पी दाबायचं (माझं एनव्हीडीए बटण इन्सर्ट आहे, घरच्या लॅपटॉपवर कॅप्स लॉक), नवी प्रोफाइल घ्यायची, आणि ती फक्त या प्रोग्रॅमसाठी असं निवडायचं. त्यानंतर एक्सेलमध्ये आवाजाचे जे बदल कराल ते एक्सेलपुरतेच. मी वेग बराच कमी केला. आणि एनव्हीडीए-पी दाबून विरामचिन्हांची पातळी एका पायरीने वाढवली. का, तर आमच्याकडे उणे रकमा कंसात लिहितात. नेहमीच्या पातळीवर कंस बोलला जातच नाही, त्यामुळे पाचशे उणे आणि पाचशे अधिक मला एकसारखेच ऐकू यायचे. इतके दिवस मी ते संदर्भाने ओळखत होते. आता कंस उघडतो तो ऐकू येतो, बंद होतो तोही. शेवटी एनव्हीडीए-कंट्रोल-सी ने सगळं जपून ठेवलं.

घरच्या लॅपटॉपवरही तोच क्रम ठेवला. घरी मला हिशेब फारसा लागत नाही. तरी एक म्हणजे हिशेबच. बोटांना दोन सवयी लावायच्या नाहीत.

पावसाळ्यात एकदा मी चवथीच्या सुट्टीवरून परत आले आणि विंडोज-१ दाबलं तर ब्राउझर उघडला. सुट्टीत संगणकांची देखभाल करणारा मुलगा येऊन गेला होता. त्याने सगळ्यांचे संगणक साफ केले, माझाही. पिन काढले, डेस्कटॉपवर नव्याने आयकॉन मांडले, माझा "इतर" फोल्डरही कुठंतरी हलवला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला ते अस्ताव्यस्त वाटलं असेल. मी त्याला फोन करून समजावलं. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी चुलीच्या डाव्या हाताला असायची. काकी पाहुण्या आल्या आणि त्यांनी ती फळीवर ठेवली तर आई चिडायची, आणि आईला तर दिसत होतं. मुलगा गप्प ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुमच्या टेबलावर एक चिठ्ठी लावून ठेवा, मी आणि माझ्या जागी कुणी येईल तो दोघेही वाचू." ती चिठ्ठी आजही मॉनिटरच्या कडेला आहे: "या संगणकाचा टास्कबार आणि डेस्कटॉप विचारल्याशिवाय हलवू नये."

त्या प्रसंगापासून मी दोन गोष्टी पेन ड्राइव्हवर ठेवते. एक, "क्रम" नावाची साधी टेक्स्ट फाईल: एकपासून सातपर्यंत काय, जम्प लिस्टमध्ये कुठल्या फायली, त्या कुठल्या फोल्डरमध्ये. दुसरी, एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत. एनव्हीडीएच्याच मेनूत टूल्समध्ये ती करायची सोय आहे, आणि त्यात आपल्या सगळ्या प्रोफाइलही घेता येतात. कुठल्याही संगणकाला पेन ड्राइव्ह लावला की माझाच आवाज, माझाच वेग. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून ऑफिसने त्याच्या आधी नवे संगणक घेतले. माझ्या टेबलावर विंडोज ११ आलं. सगळे म्हणत होते बाईंना जड जाईल. मी "क्रम" उघडली, टास्कबार रिकामा केला, सात पिन केले, अठरा मिनिटं लागली. त्यातली पाच मिनिटं मॅनेजरांच्या चहाची होती.

आता वाळपईची एक बाई मला रविवारी सकाळी फोन करते. शाळेत संगीत शिकवते, मुलांना अभंग आणि नाट्यगीतं. तिलाही माझाच आजार आहे, पण अजून थोडं दिसतं. थोडं दिसत असतानाच शिकून घे असं मी तिला सांगते, कारण मी तसं केलं नाही आणि त्यात माझी तीन-चार वर्षं गेली. पहिल्या रविवारी तिने विचारलं, एक नंबरला काय ठेवू? मी म्हटलं, मी सांगणार नाही, तू आधी आठवडाभर एफ५ दाब. पुढच्या रविवारी तिने यादी वाचून दाखवली. तिची पहिली गोष्ट होती चालींची ध्वनिमुद्रणं. एक्सेल तिच्या यादीत नव्हतंच.

फोन स्पीकरवर ठेवून आम्ही बसलो. तिच्याकडे बाहेर पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल गेली, पों पों ऐकू आलं. टास्कबार रिकामा कर म्हणाले, तिने केला. पहिला पिन झाला. "विंडोज आणि एक दाब."

तिने दाबलं. फाइल एक्सप्लोरर उघडला, मला एनव्हीडीएचा आवाज पलीकडून ऐकू आला. "हे काय गे?" ती म्हणाली.

"तो तिथंच राहिलाय. आधी त्याला अनपिन कर. विंडोज-टी."

तिने केलं. पुन्हा विंडोज-एक. या वेळी तंबोरा सुरू झाला आणि मागोमाग पखवाज. ती बंद करायला विसरली. मीही काही बोलले नाही, चाल पुरी होऊ दिली. मग दोन नंबरला लागलो.